अकराव्या होलचा वळसा

त्या गोल्फच्या मैदानावर अठरा होल होती आणि त्यांतलं अकरावं विनाकारण वाकडं होतं.

आता वाकडं असायला कुणाची हरकत नसते हो. जंगलातलं मैदान म्हटल्यावर वळणं यायचीच. तिसरं होल वळायचं ते तळ्यासाठी. सातवं वळायचं ते एका अवाढव्य ओकसाठी, ज्याच्या ढोलीत घुबडांच्या कितीतरी पिढ्या वाढल्या. पण अकरावं? तिथे ना झाड, ना पाणी, ना खडक. जिथून पहिला फटका मारायचा त्या ओट्यावर उभं राहिलं की समोर फेअरवे, म्हणजे कापलेल्या गवताचा रुंद पट्टा, अगदी शहाण्यासारखा सरळ निघायचा. निम्म्यात आला की कुणीतरी हाक मारल्यासारखा उजवीकडे झुकायचा आणि मग काही घडलंच नाही अशा थाटात परत डावीकडे येऊन झेंड्यापाशी थांबायचा. वळणाच्या आतल्या बाजूला नुसतं गुडघाभर गवत. नवा खेळाडू सरळ फटका मारायचा, चेंडू त्या गवतात गडप व्हायचा, आणि तो हुडकताना माणूस अशा काही शिव्या हासडायचा की वरच्या खारी गप्प बसायच्या.

क्लबच्या माहितीपुस्तकात याचं कारण छापलेलं होतं. मैदान आखणारा तो पहिला गृहस्थ म्हणे फार दूरदृष्टीचा. 'खेळाडूने प्रथम अरण्याकडे पाठ करावी व नंतर पश्चात्तापाने त्याकडे वळावे, अशी या वळणामागील भूमिका आहे.' मुकादमांनी हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसता हसता त्यांना असा ठसका लागला की बायकोला त्यांच्या पाठीत थापट्या माराव्या लागल्या. आणि थापट्या मारता मारता ती स्वतःच हसत खुर्चीत कोसळली. पुढे कितीतरी वर्षं दोघांत काही बिनसलं, की थोड्या वेळाने एक जण दुसऱ्याला गंभीर चेहऱ्याने विचारायचा, "पश्चात्तापाने वळावे का आता?" की संपलं भांडण.

खरं कारण जगात दोनच माणसांना ठाऊक आहे, असं मुकादम धरून चालले होते. त्यांतली एक, म्हणजे बायको, दोन वर्षांपूर्वी गेली. उरले मुकादम.

मुकादमांनी या मैदानाचं गवत अडतीस वर्षं कापलं. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी आजूबाजूचे त्यांना मुकादमच म्हणत. त्यांच्या जागी आता त्यांची लेक होती. शेतकी शिकलेली, हाताखाली नऊ माणसं, तोंडात कमी शब्द. बापलेक दोघं मैदानामागच्या त्याच जुन्या तीन खोल्यांत राहायचे. रोज दुपारी ती जेवायला यायची, उंबऱ्याबाहेर बूट काढायची, आणि बुटाला चिकटलेल्या गवतावरून ती कुठल्या होलवरून आली ते मुकादम ओळखायचे. आठ-दहा दिवसांतून एकदा चुकायचे, पण कबूल करायचे नाहीत.

त्या दिवशी ते कातरीला तेल घालत बसले होते.

"अकरावरून आलीस," ते बुटांकडे बघून म्हणाले.

"हो. बाबा, बसा जरा."

"बसलोच आहे की! आणखी किती बसू?"

लेक हसली नाही. तिने सांगितलं ते असं. क्लबला साठ वर्षं होत होती आणि कमिटीच्या डोक्यात शिरलं होतं की मैदान पुन्हा अगदी पहिल्यासारखं करायचं. मुळात जे होतं ते ठेवायचं, मागून घुसलेलं काढायचं. त्यासाठी मैदानं आखणारी एक बाई आणली होती. मूळ नकाशे मात्र कपाटामागचा पाण्याचा पाइप फुटून कधीच लगदा झालेले.

"अकराव्यावर सगळं अडलंय," लेक म्हणाली. "वळण मुळातलं आहे का, हे सांगणारं कुणी नाही. तुम्हीच उरलात जुन्यांतले. बुधवारी दहाला तिथेच बोलावलंय."

"आणि मुळातलं नसेल तर?"

"तर सरळ करणार."

"म्हणजे आतलं ते गवत..."

"कापायचं. सगळं."

"सगळं?"

"सगळं, बाबा."

मुकादम "हं" म्हणाले. कातरीवरून तेल ओघळून त्यांच्या मांडीवर सांडलं, ते लेकीने पुसलं. "जे आठवत असेल ते सांगा," ती म्हणाली आणि ताटं घ्यायला आत गेली. यात आठवायचं काय होतं? थाप मारायची, दुसरं काय! 'साहेबांनीच तसं आखलं होतं' एवढे चार शब्द. माहितीपुस्तकात छापलेलंच आहे, आपण फक्त मान डोलवायची. बायकोचा हात जिथे जिथे लागला होता ते सगळं एकेक करून गेलं होतं. क्लबच्या माडीवरच्या तिच्या शिवणखोलीत आता कॉम्प्युटर होते. झेंडे कारखान्यातून यायचे, प्लास्टिकचे. तिने केलेलं या मैदानावर एवढं एक वळण उरलं होतं. ते काही आपण हातचं जाऊ द्यायचं नाही, असं मुकादमांनी ठरवून टाकलं आणि दोन घास जास्तच जेवले.

मैदान तेव्हा, म्हणजे मुकादम चोविशीत होते तेव्हा, अजून माणसाळलं नव्हतं. पाचव्या होलवर हरणं आली की खेळ थांबायचा. मोठमोठे साहेबलोक काठ्या खांद्याला लावून मुकाट उभे, आणि हरणं आपली निवांत चरतायत, जशी काही त्यांनीच वर्गणी भरली आहे. तिसऱ्याच्या झेंड्याच्या दांडीवर खंड्या बसायचा, तो उडेपर्यंत कुणी चेंडू ढकलायचा नाही असा अलिखित नियमच होता. आणि एक कोल्हीण होती, भलतीच चोरटी. चेंडू गवतावर टप्पा घेतो न घेतो तोच झाडीतून यायची आणि तोंडात धरून पसार. पुढे तिचं बीळ सापडलं तेव्हा त्यात त्रेसष्ट चेंडू निघाले, आणि एक चष्म्याचं घर. चष्म्याच्या घराचा मालक शेवटपर्यंत पुढे आला नाही.

तेव्हाचे हेडमाळी फार कडक. त्यांनी मुकादमांना ट्रॅक्टरवर बसवलं, मागे गवत कापणारे पाच रूळ जोडले आणि एकच धडा दिला. "नकाशा बघायचा नाही. नकाशा कागदावर असतो, कागद कुजतो. कड बघायची. मागच्या वर्षीची कड दिसते ना? तिच्यावर चाक ठेवायचं आणि तोंड मिटून चालवायचं. यंदा चाक जिथून जाईल ती पुढच्या वर्षीची कड. कळलं?" कळण्यासारखं होतं. सगळं मैदान असंच चालत आलं होतं. आधीच्या चाकावर पुढचं चाक.

पहिल्याच वर्षी हेडमाळी पाय मोडून सहा आठवडे घरी बसले. थंडी सरली होती, पहिली कापणी अंगावर आली होती, आणि तरुण मुकादम एकटेच अकराव्यावर ट्रॅक्टर घेऊन निघाले. निम्म्यात पोचतात तोच समोर एक मुलगी धावत आली आणि दोन्ही हात पसरून ट्रॅक्टरच्या नाकासमोर उभी राहिली.

"थांबवा ते! डोळे आहेत की बटणं?"

मुकादमांनी करकचून ब्रेक मारला. ही क्लबच्या माडीवर शिवण करायची. अठरा झेंडे, खेळाडूंचे टॉवेल, खुर्च्यांच्या गाद्या, सगळं तिच्याकडे. तिच्या एका हातात लाल कापड होतं आणि बोटावर अंगुस्तान तसंच होतं.

"अहो बाई, बाजूला व्हा! आजच्या आज हे होल संपवायचंय."

"मी वरून सकाळपासून बघतेय. ती टिटवी पंख मोडल्याचं सोंग करत पळतेय, तिच्यामागे धावायचं सोडून तुम्ही सरळ तिच्या घरावरून निघालात! खाली उतरा आणि बघा."

मुकादम उतरले. डाव्या कडेपासून आत पंधरा पावलांवर जमिनीत बशीएवढा खळगा, आणि खळग्यात चार अंडी, मातीच्या रंगाची, टोकं आत करून नीट लावून ठेवलेली. चाकापासून हातभर अंतरावर.

"मग मी काय करू?" ते म्हणाले.

"वळसा घाला."

"अहो, हे पाच रूळ आहेत मागे! जागच्या जागी वळायला ही काय सायकल आहे? एवढ्यासाठी मला पार तिकडून, शंभर पावलांवरून वळण घ्यावं लागेल."

"मग घ्या तिकडून," ती म्हणाली आणि हातातलं लाल कापड काठीला बांधून तिने खळग्याशेजारी रोवलं. अकराव्या होलचाच नवा झेंडा होता तो, अर्धवट. दोन आकड्यांपैकी एकच शिवून झाला होता.

मुकादमांनी शंभर पावलांवरून वळण घेतलं. मग पट्टा अरुंद दिसायला लागला, म्हणून उजवीकडे तेवढंच गवत जास्त कापलं. सहा आठवडे तेच. पिल्लं केव्हाच चालती झाली, पण कड पडली ती पडलीच. हेडमाळी कुबड्या घेऊन परत आले, अकराव्याच्या ओट्यावर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "काय रे, हे असंच होतं ना?"

"असंच होतं," मुकादम म्हणाले. नोकरीतली त्यांची ती पहिली थाप.

पुढच्या वर्षी कडेवर चाक. आणि टिटवी पुन्हा हजर, कडेपासून चार पावलं आत. पुन्हा ती लाल झेंडा घेऊन माडीवरून खाली. तिसऱ्या वर्षी ती यायच्या आधीच मुकादम खळगा शोधून, ट्रॅक्टर बंद करून तिची वाट बघत बसले होते. "अंडी तुम्ही बघितलीत, मग झेंडा तुम्हीच लावायचा ना," ती म्हणाली. "झेंडा तुमच्याकडे आहे," मुकादम म्हणाले. "आणि झेंड्याबरोबर तुम्हीही येता म्हणून." एवढं बोलून त्यांची अशी काही त्रेधा उडाली की त्यांनी ट्रॅक्टर चालू करायच्या ऐवजी भोंगाच वाजवला. त्याच वर्षी लग्न झालं. तो अर्धवट झेंडा तिने कधीच पुरा केला नाही. क्लबला दुसरा शिवून दिला आणि हा टिटवीसाठी ठेवला.

अशी बारा-तेरा वर्षं दरवर्षी दोन-चार पावलं सरकत सरकत अकराव्याला बाक आला. आतल्या गवतात टिटव्या वाढल्या, सशांनी बिछाने केले, कोल्हिणीची नातवंडं तिथे उंदरांवर उड्या मारायला शिकली.

आणि त्यातलं एक वर्ष मुकादमांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही.

त्या वर्षी ती पोटुशी होती आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, जिना दिवसात एकदा चढायचा, एकदा उतरायचा, बाकी हालचाल नको. ती शिवणखोलीच्या खिडकीत बसून राहायची. कापणीच्या सकाळी मुकादमांच्या खिशात झेंडा देऊन म्हणाली, "आज मी इथूनच बघेन हं." मुकादमांनी अकरावं अख्खं पायाखाली घातलं. टिटवी नव्हती. एक अंडं नाही, एक खळगा नाही. कदाचित कोल्हा लागला असेल, कदाचित तळ्याकडे गेल्या असतील. सरळ जायला हरकत नव्हती. मुकादमांनी वर खिडकीकडे पाहिलं. काचेमागे ती होती, उशीला टेकून. दोन बाळं आधी पोटातच गेली होती त्यांची. या वर्षी तिला रिकामी जागा दाखवायची? मुकादमांनी मोकळ्या गवतात झेंडा रोवला, शंभर पावलांवरून वळण घेतलं आणि कुठेच नसलेल्या टिटवीला वळसा घालून गेले.

"किती होती?" तिने संध्याकाळी विचारलं.

"चार."

"नीट राखा हं," ती म्हणाली.

बाळ नीट जन्मलं. तीच ही लेक.

बुधवारी मुकादम इस्त्रीचा शर्ट घालून दहाच्या ठोक्याला अकराव्यावर हजर झाले. कुठेतरी सुतार पक्षी खोडावर ठोकत होता. क्लबचा सेक्रेटरी आधीच आला होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याला प्रत्येक गोष्ट कागदावर लागायची. आखणीवाली बाई गुडघ्यावर बसून एक पोकळ सळई जमिनीत खुपसत होती. लेक थोडी बाजूला, हात पाठीमागे बांधून उभी.

"या, मुकादम या!" सेक्रेटरी म्हणाला. "फार काही नाही. मी मजकूर तयार करूनच आणलाय. 'अकराव्या होलचे वळण मूळ आखणीतील आहे, हे मी प्रत्यक्ष माहितीवरून सांगतो.' खाली तुमची सही आणि त्याखाली, मैदानप्रमुख म्हणून, हिची. म्हणजे माहितीपुस्तकाला आधार झाला."

मुकादमांनी पेन घेतलं. इतकं सोपं होईल असं त्यांना वाटलंच नव्हतं. त्यांनी कागद सेक्रेटरीच्या पाटीवर नीट केला, आणि तेवढ्यात आखणीवाली बाई उठून आली. तिने सळईतली माती तळहातावर पाडली.

"हे बघाल का?" ती मुकादमांना म्हणाली. "ही आतल्या गवताखालची. वरची वीतभर काळी आहे आणि तिच्याखाली वाळूचा थर. मला कळत नाही, उंच गवतात कुणी कशाला वाळू टाकेल?"

मुकादमांना कळत होतं. वाळू फेअरवेवर टाकतात. त्यांनी स्वतःच पहिल्या वर्षी फावड्याने टाकली होती ती. बाईलाही कळत होतं, तिच्या डोळ्यांत दिसत होतं. फक्त म्हाताऱ्या माणसाला खोटं कसं म्हणायचं म्हणून ती विचारत होती.

त्यांनी लेकीकडे पाहिलं. तिचा पाठीमागचा हात पुढे आला होता आणि त्यात पेन होतं. बाप सही करेल, तर त्याखाली ती डोळे मिटून करणार होती. आणि उद्या कुणी वाळू दाखवून विचारलं, की खोटी सही तिची निघणार होती. ज्या पोरीसाठी अख्ख्या मैदानाला वळसा घातला, तिच्या नावाला आपल्या हाताने डाग? मुकादमांना स्वतःचाच असा संताप आला की त्यांनी पेन सेक्रेटरीच्या अंगावर जवळजवळ फेकलंच.

"कसली मूळ आखणी नि कसलं काय! सरळ होतं हे, दोरी धरल्यासारखं सरळ! वाकडं मी केलंय!"

"तुम्ही?" सेक्रेटरी म्हणाला.

"मी. माझ्या बायकोपायी. टिटवीची अंडी होती इथे, आणि ती ट्रॅक्टरपुढे उभी राहिली. दरवर्षी राहायची. आणि एका वर्षी तर टिटवीही नव्हती, तरी गेलो मी वळून! उगाच! काय करायचंय ते करा!"

"पण..." सेक्रेटरीचा चेहरा पार उतरला. "पण मग ते पश्चात्तापाने वळणं?"

"तो पश्चात्ताप तुमच्या छापखान्यातला. आम्हाला कसला नाही झाला," मुकादम म्हणाले.

आखणीवाली बाई हसली नाही. तिने हातावरची माती हळूच होती तिथे टाकली आणि म्हणाली, "मला फार वाईट वाटतंय, काका." त्यावरून मुकादमांना निकाल कळला. आठ दिवसांनी कमिटीने तो लेखी दिला. टिटव्यांसाठी तळ्याकाठी वेगळी जागा राखली जाईल, असंही त्यात होतं. अकरावं सरळ.

त्या बुधवारी घरी जाताना बापलेक मागच्या पायवाटेने निघाले. मग लेक म्हणाली, "आईला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"त्या वर्षी टिटवी नव्हती ते."

मुकादम जागच्या जागी थांबले.

"बाबा, ती दिवसभर खिडकीतच बसलेली असायची. कुठला पक्षी कुठे बसतो नि कुठे उठतो, सगळं तिला पाठ. त्या वसंतात अकराव्यावर एकही टिटवी उतरली नव्हती, हे तिला तुमच्या आधी माहीत होतं. मला शेवटच्या आजारपणात सांगितलं तिने. म्हणाली, 'मी घाबरले होते, आज हे सरळ जातील आणि मला ते बघावं लागेल. तर हा माणूस नुसत्या वाऱ्याला वळसा घालून गेला.' आणि मग रडली, आणि मग हसली. तुम्हाला माहितेय ना ती कशी हसायची ते."

मुकादमांना समोरचं काही दिसेना. त्यांनी झाडाला हात टेकला.

"मग... मग मला का नाही बोलली कधी?"

"मीही तेच विचारलं. म्हणाली, 'बोलले असते, तर त्यांची थाप उघडी पडली असती. चार अंडी म्हणाले होते ना. मी ती चारही सांभाळली.'"

"आणि तू? तू कमिटीला आधी का नाही सांगितलंस?"

"ते सांगायचं की नाही, हे तुमचं होतं," लेक म्हणाली. "मी तुमच्याखाली सही केली असती." मुकादमांनी तिचा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

थंडीच्या आधी उंच गवत कापलं गेलं. ससे दोन-तीन सकाळी तिथे येऊन गोंधळल्यासारखे बसले आणि मग यायचे बंद झाले. माती सारखी केली, नवं बी पेरलं, जुनी कड नांगराखाली गेली. मुकादम त्या बाजूला फिरकलेच नाहीत.

थंडी सरली. पहिल्या कापणीच्या दिवशी मात्र ते पहाटे उठले. बायकोच्या शिवणाच्या डब्यातून तो लाल झेंडा काढला, खिशात घातला आणि सहाला अकराव्यावर पोचले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. निरोप द्यायचा म्हणा हवं तर. दवात सगळं होल हिरवंगार आणि सरळसोट पडलं होतं. डाव्या बाजूने पांढऱ्या खुंट्या आणि दोरी लावलेली. मुकादमांनी सवयीने सगळी जागा पायाखाली घातली. एक खळगा नाही, एक पीस नाही. टिटव्या यंदा तळ्याकाठी उतरल्या होत्या, तिथून त्यांची ओरड इथवर येत होती. मुकादम ओट्याशेजारच्या बाकावर जाऊन बसले.

नऊच्या सुमाराला सेक्रेटरी चहाचा कप घेऊन आला आणि शेजारी बसला. "आज पहिली कड पडणार," तो म्हणाला. "म्हटलं, बघावं." कापणीला माणूस होता, पण आज ट्रॅक्टरवर लेक स्वतः बसली होती. तिने पाच रूळ खाली सोडले, चाक दोरीला लावलं आणि निघाली. मान ताठ, बापासारखी. कापलेल्या गवताचा वास बाकापर्यंत आला. सरळ, सरळ, दोरीला एक बोट न सोडता. मुकादमांनी मनात म्हटलं, छान चालवते पोर.

निम्म्याच्या शंभर पावलं अलीकडे चाक दोरीपासून सुटलं.

आधी त्यांना वाटलं, नजर फसली. पण नाही. ट्रॅक्टर हळूहळू उजवीकडे झुकत गेला, दोन पावलं, चार पावलं, आणि निम्म्यावर काही नसलेल्या जागेला नीट वळसा घालून तितक्याच सावकाश दोरीवर परत आला. डावीकडे न कापलेल्या गवताची एक बारीक पाकळी उभी राहिली.

सेक्रेटरी चहा सांडत उठला. "अहो मुकादम! हे काय केलं तिने? दोरी सोडून का गेली? काय आहे तिथे?"

मुकादमांची नजर त्या पाकळीवरून हलली नाही.

"टिटवी," ते म्हणाले.

"टिटवी? अंडी घातलीत?"

"चार."

सेक्रेटरी तिकडे निघाला, तसे मुकादम ओरडले, "अहो, जवळ नका जाऊ! दचकेल ती!" सेक्रेटरी बिचारा थबकला आणि टाचा उंचावून लांबूनच बघायला लागला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "दिसत नाहीय मला."

"सहज दिसत नाही ती. बघायला सवय लागते," मुकादम म्हणाले. त्यांनी खिशातून एकच आकडा शिवलेला तो लाल झेंडा काढला, वाटेत पडलेली एक काठी उचलली आणि गवताच्या त्या पाकळीकडे चालायला लागले.

लेकीने टोकाला ट्रॅक्टर वळवला. बाप झेंडा रोवत होता तिकडे तिने पाहिलंही नाही. पुढच्या फेरीला तिचं चाक बरोबर त्या नव्या कडेवर होतं.